डाव्या करंगळीचा सा

"मला बोटं इचारू नका, सूर इचारा."

लाडू गावड्याच्या तोंडात हे वाक्य कायम असायचं. जोयड्याच्या बाजारात कुणी हटकलं, जीपमध्ये शेजारच्यानं विचारलं, मांडवात एखाद्या शहाण्यानं त्याच्या क्लॅरोनेटकडे हात दाखवून "मामा, तुमची बोटं उलटीच चालतात की" म्हटलं, तरी उत्तर हेच. ते देताना तो मान जरा वर करायचा. उंचीनं बेताचा, अंगानं वाळक्या बांबूसारखा. पण मान वर केली की समोरच्याला उगाच वाटायचं, आपण खालच्या पायरीवर उभे आहोत.

हेळवाडी हे त्याचं गाव. उळवीच्या रस्त्यावरून आत वळायचं, जीप थांबते तिथून अर्धा तास चालायचं, एक ओहोळ ओलांडायचा, की बारा घरं लागतात. पुढं भाताची खाचरं, मागं जंगल, परसात मुडलीचे कंद. घरात बोलायला एक भाषा आणि दुकानात बोलायला दुसरी. पावसाळ्यात भात, ते झालं की जंगलातली कामं, आणि लग्नसराई आली की रामनगरच्या दत्तात्रयअण्णांच्या बँडमध्ये क्लॅरोनेट, असं लाडूचं वर्ष तीन तुकड्यांत चालायचं. तो स्वतः मात्र तसं मानत नसे. "वरीस सगळं बाजाचंच," म्हणायचा, "मधी मधी भात पिकतंय एवढंच."

बँडमध्ये आला तेव्हा तो पंचविशीतला गडी होता आणि ताशा वाजवायचा. क्लॅरोनेट होतं बाबुराव नावाच्या म्हाताऱ्या वादकाकडे. बाबुरावांचे पुढचे दोन दात पडले आणि त्यांची फुंक ओठाच्या कोपऱ्यातून निसटायला लागली. एका लग्नाहून परतताना त्यांनी ते काळं बाजं लाडूच्या मांडीवर ठेवलं.

"घे. आजपास्नं तुझं."

"मला कुठं येतंय, तात्या?"

"मला तरी कुठं येत हुतं? त्येलाच इचारत गेलो."

दोन दिवस त्यांनी शिकवलं. कुठलं भोक झाकलं की कुठला सूर, बोरूची पत्ती तोंडात किती धरायची, पोटातून कसं फुंकायचं. तिसऱ्या दिवशी ते खानापूरकडे लेकीच्या गावी निघून गेले ते पुन्हा आले नाहीत. लाडूची शिकवणी एवढीच.

मग पहिल्याच पावसाळ्यात त्यानं एक चूक केली. ती चूक आमच्या या डोंगरातल्या माणसाशिवाय दुसरं कुणी करणार नाही. इथं चार महिने हवेतच पाणी असतं. भिंतीला बुरशी, कपड्याला बुरशी, चामड्याच्या चपलेला तर पांढरी दाढी. म्हणून जे जपायचं ते चुलीवर टांगायचं, ही इथली रीत. बियाणं, मिरच्या, सोलं, सगळं धुरात. लाडूनं विचार केला, बाजं म्हणजे बियाण्याइतकीच जपायची वस्तू. त्यानं क्लॅरोनेट फडक्यात गुंडाळलं आणि मिरच्यांच्या शेजारी, चुलीच्या बरोबर वर, दोरीनं टांगून दिलं.

पंधरा दिवसांनी खाली काढलं तर फडक्यातून भोकांवरच्या झाकणांच्या गाद्या वाळक्या सोलांसारख्या टपटप गळल्या. आणि उजव्या करंगळीखालची, 'सा' वाजवायची चपटी चावी लाडूच्या हातातच आली. बाबुरावांनी ती कधीतरी लाखेनं चिकटवलेली होती. लाख धगीनं पाघळली.

त्याची बायको शांती चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वळवून एकदा बघितलं.

"मिरच्या बऱ्या म्हणायच्या," ती म्हणाली, "त्या निदान सुकून तिखट तरी हुतात."

गाद्या त्यानं रानातल्या पोळ्याचं मेण लावून बसवल्या. करंगळीची चावी मात्र मेणावर राहीना, बोट दाबलं की घसरून खाली. बेळगावला दुरुस्तीला न्यायचं तर पाऊस उघडल्याशिवाय गावाबाहेर पाऊल पडणार नव्हतं, ओहोळ छातीभर भरलेला. म्हणजे चार महिने 'सा' नाही. सगळं गाणं ज्याच्यावर उभं राहतं तो सूरच नाही.

लाडू चिडला. चिडला म्हणून बाजं ठेवून दिलं नाही, उलट रोज घेऊन बसायला लागला. डाव्या करंगळीच्या बाजूला दोन-तीन लांब काड्यांसारख्या चाव्या होत्या. बाबुराव त्यांना कधी शिवत नसत, म्हणून लाडूला वाटायचं, शोभेच्या असतील. एका दुपारी वैतागून त्यानं त्यातली एक डाव्या करंगळीनं दाबली, आणि ओसरीवर 'सा' उमटला. तोच. तसाच गोल, तसाच भरलेला. दाराची कडी मागून ओढावी तशी ती लांब काडी पलीकडून तेच झाकण बंद करत होती.

त्यानं पुन्हा वाजवला. पुन्हा. शांती आतून म्हणाली, "सापडला वाटतं हरवलेला."

"हरवला नव्हता," लाडू म्हणाला. "त्येच्या घराला दुसरं दार हुतं."

पाऊस उघडल्यावर बेळगावच्या कारागिरानं उजवी चावी पक्की बसवून दिली. आता लाडूकडे एका 'सा'ला दोन करंगळ्या झाल्या. दुसरा एखादा असता तर डावीचं चार महिन्यांचं वेड सोडून सरळ उजवीकडे गेला असता. लाडूनं दोन्ही ठेवल्या, आणि मग त्याला ते कळलं, ज्यावर पुढचं सगळं आयुष्य त्यानं उभं केलं.

आमच्याकडे नवरी सासरी निघताना भैरवीची एक जुनी धून वाजवतात. तिच्यात सूर 'सा'वरून थेट कोमल गंधारावर चढतो आणि पुन्हा 'सा'वर येऊन टेकतो. लेक उंबऱ्यावरून मागं वळून बघते ना, तेवढंच ते वळण. क्लॅरोनेटवर या दोन सुरांना सहा बोटं जिथल्या तिथंच राहतात, खेळ फक्त करंगळीचा. आणि घोळ असा, की कोमल गंधाराची चावी उजव्याच करंगळीखाली. 'सा'ही उजवीनं घेतला तर करंगळी एका चावीवरून दुसरीवर घसरवावी लागते. त्या निसरड्या क्षणात करंगळी जरा उचलली गेली, तर मधेच शुद्ध रिषभ डोकावतो. भैरवीत त्याचं काही काम नाही. रडणाऱ्या बायकांत कुणीतरी फिसकन हसावं तसं ते ऐकू येतं.

लाडू 'सा' डावीनं घ्यायचा. गंधार उजवीनं. एका हातानं ठेवलं, दुसऱ्यानं उचललं. मधे फट नाही. पण 'सा'वरून कोमल रिषभावर पायरी पायरीनं चढायचं असेल, तर तोच 'सा' तो उजवीनं घ्यायचा आणि रिषभ डावीनं. म्हणजे 'सा' कुठल्या बोटानं घ्यायचा हे 'सा' ठरवत नाही, त्याच्या पुढं जे यायचं आहे ते ठरवतं. तसंच खालच्या कोमल निषादाचं. तो सूर जवळजवळ सगळी बोटं उघडी ठेवून निघतो, आणि पुढच्या 'सा'ला सगळी भोकं एकदम झाकावी लागतात. बाकीचे वादक तिथं बोटांचा सडा पाडत. लाडू निषाद चालू असतानाच उजव्या हाताची तिन्ही बोटं गुपचूप आधीच झाकून ठेवायचा. निषादाला त्यानं बाधा येत नाही, उलट तो जरा भरदार होतो. मग 'सा' यायचा तो उडी मारून नाही, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

हे त्याला कुणी शिकवलं नाही. विळ्याच्या मुठीवर, जीपच्या दांड्यावर, कुऱ्हाडीच्या दांड्यावर त्यानं ते घोटलं. जेवतानाही डावी करंगळी ताटाच्या काठावर नाचायची. शांती म्हणायची, "आधी भात खावा, मग गंधार खावा."

तीस वर्षं गेली. आसपासच्या वाड्यांतल्या किती लेकी त्या धूनवर ओहोळापार गेल्या त्याची गणती कुणी ठेवली नाही. हेळवाडीत एक रीत होती आणि आहे. नवरीनं घरचा उंबरा सोडल्यापासून ओहोळाचं पाणी ओलांडेपर्यंत ती धून अखंड वाजली पाहिजे. मधे सूर मोडला तर नवरीला परत उंबऱ्याशी आणायचं आणि पुन्हा पहिल्यापासून काढायचं. मोडक्या सुरावर गेलेली लेक अर्धी माहेरातच राहते, असं म्हाताऱ्या सांगतात. लाडूच्या तीस वर्षांत एकही नवरी परत फिरली नव्हती. हा त्याचा मान होता. भात कमी पिकलं, रानडुकरांनी कंद उकरले, तरी हा मान त्याचा त्याच्यापाशी शाबूत होता.

मग बँडमध्ये शिवानंद मास्तर आले.

दत्तात्रयअण्णांनी त्यांना मुद्दाम आणलं होतं. बँडची चाल बदलली होती. आता लग्नात पाहुण्यांपेक्षा कॅमेरे जास्त, डोक्यावर घुंइं करणारा ड्रोन, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर व्हिडिओ. अण्णांना बँड 'दिसायला' हवा होता. शिवानंद मास्तरांनी एका मोठ्या बँडमध्ये उमेदीची वर्षं घालवली होती. बोलताना मधूनच कानडी यायचं. बूट आरशासारखे, मिशी दोरीनं आखल्यासारखी. त्यांनी बँडच्या शेडच्या भिंतीवर एक तक्ता लावला. एक सूर, एक बोट. दुसरा रकाना नाही.

पहिल्याच दिवशी ते लाडूसमोर येऊन थांबले.

"अय्यो, हे काय? सा कुठून घेतोस तू?"

"बाजातनं," लाडू म्हणाला.

मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

"चेष्टा बेडा, चेष्टा नको. उजवी करंगळी. तक्त्यात बघ."

"मास्तर, मला बोटं इचारू नका. सूर इचारा. मोडला काय कुठं?"

"मोडला नाही. पण रांगेत चार क्लॅरोनेट. तिघांची बोटं इकडे, तुझं तिकडे. व्हिडिओत काय दिसतं? चार बैल, एक उलटा जुंपलेला. ओळ म्हणजे ओळ, लाडू."

"बघणाऱ्यांसाठी वाजवायचं का ऐकणाऱ्यांसाठी?"

"दोघांसाठी. महिना देतो. बोटं सुधार."

लाडूच्या शेजारी परशुराम उभा असायचा, दुसरा क्लॅरोनेटवाला. जाडा, हसरा, जेवणाचा शौकीन. त्यानं मास्तरांचं निमूट ऐकलं. उजव्या करंगळीनं घसरायला जमेना, तेव्हा मास्तरांनी जुनी युक्ती सांगितली, नाकाच्या शेंड्यावर बोट घास, तेवढ्या तेलकटपणावर सरकतं. मग ती धून सुरू व्हायच्या आधी तिघं क्लॅरोनेटवाले एकदम नाक पुसायला लागले. परशुराम लाडूला म्हणाला, "मामा, तुमीबी घासा की. ओळ म्हणजे ओळ."

"माझं नाक मला वास घ्यायला लागतंय," लाडू म्हणाला.

महिना झाला. लाडूची बोटं जिथं होती तिथंच होती. अण्णांनी त्याला बाजूला घेतलं. अण्णा वाईट माणूस नव्हते, पण मास्तरांपुढं त्यांचा आवाज खाली जायचा.

"लाडू, थोडे दिवस खुळखुळा धर. वर्दी तीच, रांग तीच."

खुळखुळा म्हणजे ज्याला काही वाजवता येत नाही त्याच्या हातात द्यायची वस्तू. वर्दी भरायला उभी केलेली माणसं तो हलवतात.

"अण्णा, तुमच्या बाबांच्या वेळंपास्नं हाय मी हितं."

"म्हणून तर काढत न्हाई तुला."

"मग काढा," लाडू म्हणाला. त्यानं बाजं टॉवेलात गुंडाळलं आणि घरी आला.

वर्दीचा लाल कोट शांतीनं घडी घालून पेटीवर ठेवला. दोन दिवसांनी म्हणाली, "उजवीनं वाजवली तर काय झडती काय करंगळी?"

"झडत न्हाई. पन मग त्यो सा माझा न्हाई."

"मग न्हाई तर न्हाई," शांती म्हणाली, आणि विषय संपला.

हे झालं माघात. फाल्गुनात हेळवाडीतच लग्न निघालं. लाडूची चुलत बहीण सोनिया, तिची लेक रक्षा. मुलगा खानापूरकडचा. सोनियाच्या नवऱ्यानं बँड रामनगरचाच ठरवला होता, तोही लाडूनं बाजं गुंडाळायच्या आधी. म्हणजे लाडूच्या स्वतःच्या वाडीत, भाचीच्या पाठवणीला, तीस वर्षांत पहिल्यांदा दुसरं कुणी वाजवणार होतं. लाडूला शेजारच्यांनी विचारून विचारून बेजार केलं. तो म्हणायचा, "मी मामा म्हणून जातोय. मामाला वर्दी नसती."

लग्न लागलं, पंगती उठल्या. बँडवाल्यांना आधी जेवू घातलं होतं. गुळाची खीर होती, परशुराम तीनदा वाढून घेताना दिसला. उन्हं कलायला लागली तेव्हा पाठवणीची घाई सुरू झाली. ओहोळापलीकडे वऱ्हाडाच्या गाड्या उभ्या होत्या, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. रक्षा उंबऱ्यावर आली, बायकांनी गळा काढला, शिवानंद मास्तरांनी हात वर केला आणि परशुरामानं धून धरली.

लाडू फणसाच्या खोडाला टेकून उभा होता. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. हात पाठीमागं बांधलेले, म्हणजे बोटं कुणाला दिसू नयेत.

धून चांगली चालली. अंगण ओलांडलं, खाचराच्या बांधावर आली. मग सुराचं ते वळण पुन्हा आलं. परशुरामाची करंगळी 'सा'वरून सरकायला निघाली आणि खिरीच्या गुळानं चावीला चिकटली. ओढून उचलली तेव्हा मधला रिषभ एवढा मोठा वाजला की खाचरातले बगळे उठले.

सगळं थांबलं.

"मोडला," एक म्हातारी म्हणाली. "फिरवा गं पोरीला."

नवऱ्या मुलाकडचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. सोनियानं त्यांना रीत समजावून सांगितली. रक्षाला परत उंबऱ्याशी आणलं. ती पुन्हा आईच्या गळ्यात पडली, पुन्हा सगळ्या रडल्या. परशुरामानं हात धुतले आणि घाईघाईत डोक्याच्या तेलात बोट फिरवलं. नाकावर त्याचा आता भरवसा राहिला नव्हता.

दुसऱ्या वेळी ती मंडळी ओहोळाच्या उतारापर्यंत पोचली. वळणावर तेलकट करंगळी 'सा'वरून निघाली ती गंधारावर थांबलीच नाही, पलीकडं हवेत गेली. क्लॅरोनेट कोंबड्यासारखं ओरडलं.

"फिरवा," म्हातारी म्हणाली.

यावेळी उंबऱ्यावर रक्षा आईच्या गळ्यात पडली नाही. डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं, डोक्यावरची फुलं एका बाजूला कललेली. "आये, मला आता रडूच येईना झालंय," ती म्हणाली. "कुणीतरी नीट वाजवा की!"

मांडव हसला. सोनिया मात्र हसली नाही. ती तरातरा फणसाखाली आली.

"लाडूदादा, भाचीचा खेळ झालाय आणि तू हितं खांबागत उभा?"

"माझं काय हाय त्यात? धून मास्तरांची हाय."

"धून माझ्या लेकीची हाय!"

लाडूनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर ओळीच्या टोकाला ताठ उभे होते. त्यांनी धून धरायला वर केलेला हात खाली घेतला. लाडू म्हणाला, "वाजवीन. पन माझ्या बोटांनी. मधी कुणी बोलायचं न्हाई."

"बाजं कुठंय पण?" सोनियाला एकदम आठवलं.

शांती बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. हातात कापडी पिशवी. आहेराच्या लुगड्याखालून तिनं टॉवेलाची गुंडाळी काढली. "घरात उंदीर झाल्यात," ती म्हणाली, "म्हणून संगं आणलं."

लाडूनं पत्ती जिभेवर ओली केली. उंबऱ्याशी रक्षाच्या मागं उभा राहिला आणि धरली धून.

पहिल्या ओळीला अजून लोक हसत होते. दुसरीला थांबले. निषादावर त्याची उजवी बोटं आधीच जाऊन बसली, 'सा' आला तो आला हे कळायच्या आत आलेला होता, आणि त्यावरून कोमल गंधार उचलला गेला तसा रक्षानं मान वळवून घराकडे बघितलं. तिला रडू येईनासं झालं होतं ना, आलं. अंगण गेलं, बांध गेला, उतार गेला. त्या वळणावर ती धून सात वेळा आली आणि सातही वेळा आत एकसुद्धा फट नव्हती. लाडू चालत पाण्यात शिरला, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं, आणि रक्षाचा पाय पलीकडच्या कोरड्या दगडावर पडला तेव्हाच त्यानं शेवटचा 'सा' सोडला.

पलीकडच्या गाड्या गेल्या. लाडू अलीकडच्या काठाला आला तर अण्णा आणि मास्तर उभे होते. परशुराम जरा मागं.

"लाडू," अण्णा म्हणाले, "झालं गेलं सोड. सोमवारपास्नं पहिल्या रांगेत ये. मास्तरांची ना न्हाई."

"बोटं?"

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. "तू वाजवतोस ते चूक नाही. पुस्तकात आहे ते. प्रत्येक सुराचं पहिलं बोट, आणि खाली दुसरं. अवघड जागी दुसरं घ्यावं असं लिहिलंय."

लाडू एक पाऊल पुढं आला.

"म्हंजे तुमाला ठावं हुतं?"

"हौदु. ठाऊक होतं."

"आणि तरी मला खुळखुळा दिलासा?"

"वीस माणसांची ओळ मला सांभाळायची असते, लाडू. प्रत्येकाला दोन-दोन बोटं दिली तर ओळ राहत नाही." मास्तर खरंच बोलत होते. त्यांच्या आवाजात खोट नव्हती. "तुला मी मोकळीक देतो. एकट्याला. फक्त शूटिंग असेल तेव्हा जरा मागं उभा राहा."

लाडूनं मान वर केली.

"तक्त्यात दुसरा रकाना काढा. परशुरामाला शिकवा, सगळ्यांना शिकवा. मग येतो. पहिल्या रांगेत, शूटिंगच्या म्होरं."

"ते नाही जमणार."

"मग माझंबी न्हाई. मला कळत नव्हतं तवा मी चुकत असंन असं वाटायचं कधी कधी, राती जाग यायची. आता तुमीच सांगितलासा, पुस्तकात हाय. आता तर मुळीच न्हाई."

"अरे, कुठं वाजवशील मग?" अण्णा काकुळतीला आले.

"पोरींची लग्नं काय थांबल्यात काय? जिथं बोलवतील तिथं."

शांतीनं पिशवीच्या तळातून लाल कोट काढला. इस्त्री केलेला, बटणं घासलेली. लाडूनं तो अण्णांच्या हातात दिला, खाली ठेवला नाही, हातात दिला. मग बाजाचे दोन तुकडे वेगळे करून त्यातलं पाणी झटकलं, टॉवेलात गुंडाळलं आणि खांद्यावर टाकलं. ओल्या धोतराचा सोगा वर खोचून तो बांधावरून चालायला लागला. मागं शांती, तिच्या हातात तिची हलकी झालेली पिशवी.

मास्तर काठावर उभे राहून बघत होते. बूट ओले होऊ नयेत म्हणून एका दगडावर. अण्णा कोट कवटाळून बघत होते. परशुराम मात्र लाडूच्या पाठीकडे बघता बघता आपलं क्लॅरोनेट छातीशी धरून, न फुंकता, डाव्या करंगळीनं ती लांब काडी चाचपत होता. दाबली. सोडली. पुन्हा दाबली. मास्तरांनी ते पाहिलं, आणि ते पुन्हा बांधाकडे वळले. लाडू तोवर फणसाच्या पलीकडं गेला होता.